मामांनी किती टक्के चार्ज घेतला?

मामांची बदली झाली. नव्या तालुक्याला हजर झाले त्या रात्री त्यांचा फोन आला. आम्ही जेवत होतो, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. "घेतला बाबा एकदाचा चार्ज," मामा म्हणाले. त्यावर माझ्या सात वर्षांच्या लेकीनं ताटातून मान वर न करता विचारलं, "मामाआजोबा, किती टक्के झाला?"

मामा नायब तहसीलदार आहेत. त्यांना हा प्रश्न समजायला जरा वेळ लागला. मग इतके हसले, की पलीकडून ठसका लागल्याचा आवाज आला.

पण लेकीचं काय चुकलं? तिच्या जगात चार्ज फक्त मोबाईलमध्ये असतो आणि तो टक्क्यांत मोजतात. दुसऱ्या दिवसापासून मी उगाच कान लावून बसलो. घरपोच सामान आणणाऱ्या ॲपनं 'डिलिव्हरी चार्ज' लावला. पेपरात कुणावर तरी चार्जशीट दाखल झाली आणि दुसऱ्या पानावर कुठेतरी लाठीचार्ज झाला. फ्रीजवाला म्हणाला, गॅस चार्ज करावा लागेल. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, "इनचार्ज मॅडम आल्या की डिस्चार्ज देतील." त्या एका वाक्यात तर दोनदा आला. शब्दकोश उघडला तर तिथे अर्थांची रांगच: किंमत, आरोप, जबाबदारी, हल्ला, विद्युतभार, तारण, दारूगोळा. शाळेत हे सगळं 'एका शब्दाचे अनेक अर्थ' म्हणून पाठ करून घेतात. पाठ करायची गरज नाही. यातल्या प्रत्येक अर्थाच्या पोटात एकच चित्र आहे, ते एकदा दिसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

चित्र आहे भरलेल्या गाडीचं. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर दिसते तशी, बैलांच्या खांद्यावर जू आणि मागे मोळ्यांचा डोंगर.

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे चाकांची गाडी. हा शब्द रोमन लोकांनी आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या गॉल लोकांकडून उचलला. त्यावरून पुढच्या काळात 'कारिकारे' असं क्रियापद झालं: गाडीत माल भरणे, गाडी लादणे. जुन्या फ्रेंचमधून घासत घासत तेराव्या शतकात ते इंग्रजीत आलं, तेव्हा 'चार्ज' झालेलं होतं आणि अर्थ होता ओझं. याच घराण्यातली भावंडं आपण रोज वापरतो. 'कार' हे एक, 'कॅरी' हे दुसरं, जहाजावरचा 'कार्गो' तिसरं. 'कॅरिकेचर'ही यातलंच, म्हणजे आपण ज्याला अर्कचित्र म्हणतो ते. नाक लांब आणि कान मोठे काढून चेहऱ्यावर जास्तीचा माल लादलेला असतो ना, म्हणून.

तेव्हा 'चार्ज' कुठेही भेटला की दोन प्रश्न विचारायचे. ओझं कसलं? आणि ते कुणावर टाकलं?

मामांपासून सुरुवात करू. कचेरीतला चार्ज म्हणजे कामाचं ओझं, आणि मराठीनं त्याला शब्दही अगदी तसाच दिलाय: पदभार, कार्यभार. जागा रिकामी असताना दुसऱ्याच्या गळ्यात पडतो तो अतिरिक्त कार्यभार. कायम नेमणूक न होता काम ओढणारा तो प्रभारी. गावोगाव वर्षानुवर्षं 'प्रभारी' राहिलेले मुख्याध्यापक तुम्हीही पाहिले असतील. भार पूर्ण असतो, फक्त पाटीवर तो एक शब्द जास्तीचा असतो. देशांच्या पातळीवरही हेच चालतं. राजदूत नसताना वकिलातीचं काम बघणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'शार्झे दाफेर' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर कामकाज लादलंय तो. २०१९च्या ऑगस्टनंतर दिल्लीतल्या पाकिस्तानी आणि इस्लामाबादमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा कारभार अशाच प्रभारी अधिकाऱ्यांवर आला.

मामा म्हणतात, चार्ज हे खरंच ओझं आहे हे माणसाला पहिल्यांदा कपाटाची किल्ली हातात घेताना कळतं. जुना माणूस यादी पुढे करतो: एवढ्या खुर्च्या, एवढी टेबलं, एवढी रजिस्टरं, तिजोरीत एवढी रोकड. तुम्ही सही केलीत की त्या क्षणापासून यादीतली प्रत्येक वस्तू तुमच्या डोक्यावर. एका जागी त्यांनी भिडेखातर न मोजता सही केली. पुढे तपासणीत दोन टेबलफॅन सापडेनात. ते म्हणे चार वर्षांपूर्वीच गायब झाले होते, पण आता ते मामांच्या चार्जमधले होते. शेवटी पंखे भरून दिले. तेव्हापासून ते चार्ज घेताना डेडस्टॉकचं, म्हणजे खुर्च्या-टेबलांसारख्या कायमच्या सामानाचं, रजिस्टर हातात धरून स्वतः खोल्या फिरतात, मग समोरचा कितीही घाईत असो.

कामाऐवजी ओझं पैशांचं असलं, की चार्ज म्हणजे किंमत. इथे मराठीनं भार सोडून वेगळाच शब्द धरला: आकार. विजेच्या बिलावर बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी ओळीनं मंडळी उभी असतात, आणि मग खाली 'वीज शुल्क' येतं. हा शब्द मुद्दाम बदललाय. आकार म्हणजे चार्ज, तो वीज कंपनीचा. शुल्क म्हणजे ड्यूटी, ते राज्य सरकारचं. बिल भरताना आपण शेवटचा आकडा बघतो आणि कुरकुरतो, पण शिव्या कुणाला किती द्यायच्या याचा हिशेब त्या दोन शब्दांत असतो.

हाच घोळ हॉटेलच्या बिलात होतो. 'सर्व्हिस चार्ज' म्हटलं की बऱ्याच जणांना तो सरकारी कर वाटतो, कारण पूर्वी 'सर्व्हिस टॅक्स' नावाचा खरोखरचा कर होता. जीएसटी सरकारकडे जातो. सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या गल्ल्यात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलनं तो बिलात आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावानं घेऊ नये आणि देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर राहील. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. मला विचाराल तर जेवण चांगलं झालं, वाढणाऱ्यानं आपुलकीनं वाढलं, तर त्याच्या हातात थेट नोट द्यावी. ती नक्की कुणाकडे गेली हे तरी कळतं.

व्यापारी मंडळींना जीएसटीतला 'रिव्हर्स चार्ज' ठाऊक असतो. एरवी कर गोळा करून भरण्याचं ओझं विकणाऱ्यावर असतं. काही व्यवहारांत, उदाहरणार्थ वकिलाची फी किंवा मालवाहतुकीचं भाडं, ते उलटून घेणाऱ्यावर टाकलेलं असतं. नाव भारदस्त आहे, प्रकार एवढाच.

माझ्या मते या शब्दाचं सगळ्यात सुंदर मराठी रूप तलाठ्याच्या दप्तरात आहे. कायद्यात 'चार्ज' म्हणजे मालमत्तेवर ठेवलेला हक्क: कर्ज फिटलं नाही तर या जमिनीतून वसूल करता येईल. आता सातबारा काढा आणि 'इतर अधिकार' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. बोजा! अमुक विकास सोसायटीचा बोजा, तमुक बँकेचा बोजा. कर्ज घेतलं की बोजा चढतो. फिटलं, सोसायटीचा दाखला आणून दिला, फेरफार झाला, की बोजा उतरतो. ज्यानं कुणी पहिल्यांदा हा शब्द दप्तरात घातला त्याला बैलगाडीची ती लॅटिन गोष्ट ठाऊक असायचं कारण नाही. तरी तो नेमका तिथेच पोचला. जमीन एक गाडी, तिच्यावर कर्जाचा माल.

बोजा आणि गहाण एकच, असं पुष्कळांना वाटतं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं दोन्हींची वेगळी कलमं केली आहेत: गहाणाला ५८वं, चार्जला १००वं. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याच्या नावे जातो. चार्जमध्ये कुठलाच हक्क हलत नाही, जमीन पूर्ण तुमचीच राहते, नुसतं तिच्यावर ओझं बसतं. सहकारी सोसायटीकडून पीककर्ज घेताना शेतकरी जो इकरार लिहून देतो त्यातून असाच बोजा तयार होतो. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं ४८वं कलम त्यासाठीच आहे. यात एक बारीक गोम आहे. ज्याला बोजाची कल्पना नव्हती आणि ज्यानं योग्य किंमत मोजून जमीन घेतली, त्याच्याविरुद्ध असा चार्ज एरवी बजावता येत नाही, असं त्या १००व्या कलमातच म्हटलंय. म्हणून तर बँका सातबाऱ्यावर नोंद होईपर्यंत तलाठ्याची पाठ सोडत नाहीत, आणि म्हणून जमीन घेणाऱ्यानं आधी तो रकाना वाचायचा असतो. "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय त्या एका ओळीनं संपते.

दोषाचं ओझं माणसावर चढवलं की झाला आरोप. हा शब्दही गमतीचा आहे. आ-रुह् म्हणजे चढणे, त्याचं प्रयोजक रूप म्हणजे चढवणे, त्यातून आरोप. दोषारोप म्हणजे दोष चढवणे. इंग्रजीत माणसावर माल लादला, संस्कृतात चढवला.

कोर्टातला चार्ज मात्र आपण फार ढिला वापरतो. 'त्याच्यावर चार्ज लागला' हे वाक्य पोलिसात तक्रार झाली की लगेच सुरू होतं. प्रत्यक्षात पायऱ्या तीन आहेत. पहिली एफआयआर, म्हणजे गुन्हा घडल्याची खबर. तपास संपल्यावर पोलीस कोर्टाला अहवाल देतात, तीच आपली चार्जशीट किंवा दोषारोपपत्र. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७३व्या कलमाखाली होई. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३व्या कलमाखाली होतं. गंमत म्हणजे कायदा त्याला 'पोलीस अहवाल' म्हणतो. चार्जशीट हे नाव कोर्टाच्या आवारात रुळलेलं. तिसरी पायरी न्यायाधीशाची. कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून तो ठरवतो की खटला चालवण्याजोगं काही आहे का. आहे असं वाटलं तर तो चार्ज 'फ्रेम' करतो, आणि पेपरात बातमी येते: आरोप निश्चित. कायद्याच्या नजरेत खरा चार्ज हा. खटला इथून पुढे. दोषी ठरणं तर त्याहूनही लांब.

दुसऱ्या पायरीला घड्याळही लावलेलं आहे. आरोपी कोठडीत असेल तर साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत चार्जशीट यावी लागते. नाही आली तर जामीन मागणं हा त्याचा हक्क होतो, गुन्हा कितीही गंभीर असला तरी. 'पोलिसांनी चार्जशीट वेळेत दाखल केली नाही म्हणून सुटला' या बातमीमागे हे असतं. तो जामिनावर बाहेर आलेला असतो. निर्दोष ठरलेला नसतो.

कोर्टातच या शब्दाचा आणखी एक अर्थ नांदत होता, जो आता आपल्याकडे दिसत नाही. ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारी सामान्य नागरिकांची मंडळी, असायची तेव्हा न्यायाधीश तिला निकालाला बसण्यापूर्वी पुरावा आणि कायदा समजावून सांगत. त्यालाही चार्ज म्हणत: निवाड्याची जबाबदारी ज्यूरीवर सोपवणं. मुंबईचा १९५९चा नानावटी खटला या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर उभा आहे. नौदलातले कमांडर नानावटी यांच्यावर चार्ज होता खुनाचा. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेलं. तिथे खल झाला तो दुसऱ्या चार्जचा. न्यायाधीशांनी ज्यूरीला जे समजावून सांगितलं त्यातच चुका होत्या, असं उच्च न्यायालयानं ठरवलं, ज्यूरीचा कौल बाजूला ठेवला आणि नानावटींना दोषी धरलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. एका चार्जमधून सुटलेला माणूस दुसऱ्या चार्जच्या चुकीमुळे पुन्हा अडकला.

आता येऊ लेकीच्या टक्क्यांकडे. मोबाईलपर्यंतचा रस्ता तोफेवरून जातो.

कोकणात अजून ठासणीच्या बंदुका बघायला मिळतात. नळीतून दारू ओतायची, वरून ठासायची, मग छर्रे. याला आपण म्हणतो बार भरणे. खाणीत सुरुंगाला भरतात तोही बार, आणि लग्न उरकलं की उडवतात तोही. फारसीत 'बार' म्हणजे ओझंच. इंग्रजीत या एका वेळच्या दारूला म्हणत चार्ज, बंदूक भरणे म्हणजे चार्ज करणे, आणि उडवणे म्हणजे डिस्चार्ज. कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीत एका वेळी टाकायचा कोक, लोखंड आणि चुनखडीचा घाणही चार्जच. फ्रीजवाल्याचा गॅसही त्याच हिशेबात बसतो: रिकाम्या भांड्यात ठरावीक माप भरलं.

१७४५-४६च्या सुमाराला युरोपात एक नवं खेळणं आलं, लायडन जार. काचेची बरणी, आतून बाहेरून धातूचा पत्रा. घर्षणानं तयार केलेली वीज तिच्यात साठवता यायची आणि हात लावला की सणसणीत झटका बसायचा. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांच्या मागे लागला. आधी भरायचं, मग एकदम मोकळं करायचं, तेही आवाज आणि ठिणगीसकट. हे तर तोफेसारखं झालं! तेव्हा बरणी 'चार्ज' व्हायला लागली आणि झटका 'डिस्चार्ज' झाला. अनेक बरण्या एकीला एक जोडून फ्रँकलिननं एकत्र उडवल्या, त्या रांगेला त्यानं नाव दिलं बॅटरी. बॅटरी म्हणजे तोपर्यंत तोफांची रांग. तुमच्या खिशातल्या फोनची बॅटरी चार्ज आणि डिस्चार्ज होते, यातले तिन्ही शब्द तोफखान्यातून आलेत. मराठीत बॅटरी आणखी भटकली. हातातला टॉर्च म्हणजे बॅटरी, आणि वर्गातला जाड चष्म्याचा मुलगा म्हणजेही बॅटरी. मी ते नाव तीन वर्षं वागवलंय.

अधिक आणि उणे ही विजेची भाषाही फ्रँकलिनचीच. त्याच्या मते वीज हा एक प्रवाही पदार्थ होता: ज्यात जास्त ते अधिक, ज्यात कमी ते उणे. कोणती बाजू अधिक हे त्यानं अंदाजानं ठरवलं आणि अंदाज उलटा निघाला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तारेतून प्रत्यक्ष धावणारा कण उणे भाराचा निघाला. तोवर सगळी पुस्तकं लिहून झाली होती. म्हणून आजही शाळेत विद्युतधारेची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट दाखवतात आणि दरवर्षी दहावीची पोरं त्यावर वैतागतात.

मग फोन शंभर टक्के चार्ज झाला म्हणजे त्यात विद्युतभार भरला का? नाही. फोनवर ५००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, लिहिलेलं असतं. म्हणजे ही बॅटरी ५ अँपिअरची धारा तासभर देऊ शकते. तासाचे ३६०० सेकंद, पाचनं गुणले की १८,००० कूलंब भार; कूलंब हे विद्युतभाराचं माप. आता नुसत्या एका कूलंबाचा सुटा भार एका मीटरवरच्या दुसऱ्या कूलंबाला किती जोरानं ढकलेल? सुमारे नऊ लाख टन वजनाएवढ्या. असे अठरा हजार कूलंब खरोखर खिशात असते तर खिसाही राहिला नसता आणि आपणही.

बॅटरीत होतं ते असं. तिच्यात दोन घरं आहेत. चार्जिंगला लावल्यावर लिथियमचे आयन, म्हणजे अधिक भाराचे कण, एका घरातून दुसऱ्या, ग्राफाइटच्या घरात ढकलले जातात, आणि तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीनं चार्जरमार्गे त्याच घरात जाऊन पोचतात. अधिक तेवढे उणे, बेरीज शून्य. बाहेरून एकही इलेक्ट्रॉन जास्तीचा येऊन मुक्कामाला राहत नाही. मात्र ते आयन या घरात खुशीनं आलेले नसतात, परत जायला टपलेले असतात. विहिरीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवावं तसं. पाणी तेवढंच, फक्त उंचावर. फोन वापरला की ते उतरून मूळ घरी जातात आणि उतरताना काम करतात. किती टक्के पाणी अजून वर आहे, तो लेकीचा आकडा. बरणीतही असंच, आत जेवढं वाढतं तेवढंच बाहेरच्या पत्र्यावर कमी होतं, हे फ्रँकलिनच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

हल्ल्याच्या अर्थाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शस्त्र भरणं, रोखणं या अर्थाच्या शेजारीच समोरच्यावर तुटून पडणं आलं. आपला 'लाठीचार्ज' इंग्रजी कोशांतही गेलाय, मराठी पेपर मात्र पुष्कळदा 'लाठीमार' लिहितात, आणि तो बहुतेक वेळा सौम्यच असतो. जंगलात गाइड सांगतात, हत्तीनं चार्ज केला. कान पसरून चार पावलं धावून थांबला तर तो मॉक चार्ज, नुसती धमकी. फरक थांबल्यावरच कळतो, हीच काय ती अडचण.

ओझं उतरवलं की डिस्चार्ज. बंदुकीचा, बॅटरीचा, जखमेतल्या पुवाचा. दवाखान्याचा डिस्चार्ज म्हणजे तुमची जबाबदारी दवाखान्यानं खाली ठेवली. कोर्टात आरोप निश्चित होण्याआधीच न्यायाधीशाला दम वाटला नाही तर डिस्चार्ज, म्हणजे आरोपमुक्ती. खटला पूर्ण चालून सुटणं वेगळं, ती निर्दोष मुक्तता. बातमी वाचताना एवढा फरक डोळ्यांत तेल घालून बघावा. आणि पावसाळ्यात खडकवासला धरणातून इतके क्युसेक 'विसर्ग' सोडला असं ऐकतो, तो विसर्गही डिस्चार्जच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

रिचार्ज म्हणजे पुन्हा भरणं. फोनचा रिचार्ज आपण का कोण जाणे 'मारतो'. बोअरच्या रिचार्जला मात्र मराठीत फार नेटका शब्द आहे: पुनर्भरण. त्यातलं भरण आणि पदभारातला भार एकाच संस्कृत धातूचे, भृ म्हणजे वाहणे, धारण करणे. इंग्रजीतले 'बेअर' आणि 'बर्डन' हे शब्दही त्याच जुन्या मुळावरचे. त्या भाराचं आपण काय काय केलंय बघा: उपकाराचं ओझं ते आभार, गवताचा तो भारा, मंतरलेलं ते भारलेलं, आणि जे जड ते भारी म्हणता म्हणता जे झकास तेही भारी. वीज पुरेना म्हणून गावागावात करतात ते भारनियमन. पोरं तर आता भारही म्हणत नाहीत, सरळ म्हणतात, "लोड नको घेऊस."

वापरताना गाडी अडते ती बहुतेक वेळा जोडून येणाऱ्या शब्दापाशी. इंग्रजीत चार्जनंतर येणारा छोटा शब्द अर्थ ठरवतो. 'फॉर' आला तर कशाचे पैसे ते, 'टू' आला तर कुणाच्या खात्यावर मांडायचे ते, 'ॲट' आला तर कुणावर धावून गेला ते. 'विथ' मात्र दुतोंडी आहे. चोरीचा आरोप ठेवला तरी 'विथ' आणि शहराच्या रक्षणाचं काम सोपवलं तरी 'विथ'. दोन्ही ओझीच, इंग्रजीला त्यात भेद करावासा वाटला नाही. आणि 'इन चार्ज ऑफ'मध्ये चुकून 'द' घुसवू नका. 'इन चार्ज ऑफ द स्टोअर' म्हणजे कोठार माझ्या ताब्यात. 'इन द चार्ज ऑफ द स्टोअर' म्हणजे कोठारानं मला सांभाळायला घेतलंय. नोकरीच्या अर्जांत हा दुसरा प्रकार मी बऱ्याचदा पाहिलाय.

मराठीत हेच काम क्रियापद करतं. चार्ज लागला म्हणजे पैसे. चार्जिंगला लावला म्हणजे फोन. चार्ज दिला म्हणजे बदली. 'चार्ज घेतला' मात्र संदर्भाशिवाय कळत नाही, मामांनीही घेतला आणि गळका नळ बघायला आलेल्या प्लंबरनंही घेतला. त्यातून 'चार्जिंग' हा तर आपण पार स्वतःचा करून टाकलेला शब्द. तो संपतो किंवा ती संपते, घराघरात लिंग वेगळं. आपल्या लेखी चार्जिंग म्हणजे बॅटरीत उरलेला माल. इंग्रजीत चार्जिंग म्हणजे भरण्याची क्रिया.

त्यामुळे झालेला घोटाळा माझ्या मावसभावाला इंग्लंडात नवा असताना निस्तरावा लागला. फोन अखेरच्या घटका मोजत होता आणि शेजारच्या टेबलावरचा एकुलता एक चार्जर मोकळा दिसत होता. त्यानं फोन त्याला जोडला आणि शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्याला निमित्त म्हणून सांगितलं, "माय चार्जिंग इज ओव्हर." त्या भल्या माणसानं "ओह, ग्रेट, थँक्स" म्हणत त्याचा फोन उपसून बाजूला ठेवला आणि आपला लावला.